पाटावरची साखळी

गाडीच्या मागच्या पत्र्यावर हाताची एक थाप पडली की थांबायचं, दोन पडल्या की निघायचं. मुंबईत ज्याने म्हणून कधी ट्रकवर क्लीनरगिरी केली आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. दत्ताराम परबालाही कुणी शिकवलं नव्हतं. गेली अकरा वर्षं मात्र त्याला अधूनमधून मागच्या पत्र्यावर एकच थाप ऐकू येते, आणि वळून बघावं तर मागे कुणी नसतं.

पहिल्या वर्षी तो दर वेळी गाडीतून उतरून बघायचा. मार्वे रोडवर, केतनच्या कारखान्याच्या दारात, एकदा तर मालाडच्या भर सिग्नलला. मागच्या रिक्षावाल्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी त्याची बायको विमला त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, कान ठणठणीत आहेत, काळजीचं काही कारण नाही. दुसरा कुणी असता तर घरी जाताना पेढे नेले असते. दत्तारामचा चेहरा आणखी उतरला. आता तो गाडीतून उतरत नाही. ब्रेकवरचा पाय घट्ट करतो, ओठातल्या ओठात "थांबलंय रे" म्हणतो आणि थोडा वेळ जाऊ देतो.

त्याचा धंदा ऐकून लोकांना हसू येतं. तो रस्त्यावरून होड्या ओढतो. वडील लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणणाऱ्या मागावर होते. गिरणी गेली, कुटुंब चारकोपच्या बैठ्या घरात आलं, दत्ताराम एका गॅरेजला चिकटला आणि तिशीत त्याने लिलावातून एक जुनी जीप उचलली. आखूड, बुटकी, चारही चाकांनी ओढणारी. वाळूतून, चिखलातून, शेवाळलेल्या उतारावरून कुरकुर न करता चढणारी. विमला म्हणायची, या माणसाने माझ्यापेक्षा जास्त वेळा हिला अंघोळ घातली असेल. मढला केतन नावाच्या माणसाचा फायबरच्या होड्या दुरुस्त करायचा कारखाना आहे. त्याने एकदा अडचणीत हाक मारली आणि मग तेच काम होऊन बसलं. कोळ्यांच्या छोट्या होड्या, बंगलेवाल्यांच्या स्पीडबोटी, शूटिंगवाल्यांना दोन दिवसांपुरती लागणारी नाव, जे काही पाण्यातून वर घ्यायचं असेल ते ट्रॉलीवर चढवायचं आणि जीपने ओढून न्यायचं.

जोडीला नंदू. नंदू म्हणजे दत्तारामच्या धाकट्या बहिणीचा, राधाचा नवरा. दत्ताराम गाडी चालवणार, नंदू मागचं बघणार. एरवी नंदूचं तोंड मिटायचं नाही. केतनची थट्टा कर, शूटिंगवाल्या पोरींना मालवणी शिकव, समोरून येणाऱ्या बसवाल्याला उगाच सलाम ठोक. पण ट्रॉली जोडायला वाकला की गप्प. छोट्या गाडीमागे तिच्याहून जड होडी लावायची म्हणजे काय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सपाटीवर जीप होडीला नेते, उतारावर होडी जीपला नेते. होडीचा भार ट्रॉलीवर थोडा पुढे हवा. शेपटीकडे, इंजिनावर गेला तर ट्रॉली मागे नागमोडी चालायला लागते आणि जीपलाही सोबत नाचवते. पट्टे आवळल्यावर होडी हलवून बघायची. ओल्या उतारावर खालचाच गिअर. आणि काही झालं तरी चढावर ट्रॉलीच्या मागे कुणी उभं राहायचं नाही.

या सगळ्याच्या वर साखळी. ट्रॉलीच्या तोंडाशी लोखंडी वाटी असते, ती जीपच्या मागच्या गोळ्यावर बसते, वरून कडी दाबली की पकड घेते. पण खाऱ्या पाण्याची लोखंडाशी जुनी दुश्मनी. वाटी झिजते, गोळा झिजतो, आणि एखाद्या खड्ड्यात वाटी टुणकन उडून बाहेर येते. म्हणून खालून दोन पदरी साखळी, फुलीसारखी आडवीतिडवी घालून जीपला अडकवायची. वाटी उडालीच तर ट्रॉलीचं तोंड साखळीच्या झोळीत पडतं आणि ट्रॉली पळून जात नाही. कडी लागली तरी साखळी लागेपर्यंत नंदूची दुसरी थाप पडायची नाही. कधीच नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे अकरा वर्षं जगाने नेमकं उलटं मानलं.

दत्तारामच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. वडील गिरणीतल्या साच्याला हार घालून यायचे आणि घरी पाटावर पाना, पकड, हातोडा मांडायचे. तीच रीत दत्तारामने चालवली. पाट पुसायचा, त्यावर तांदूळ पसरायचे, धुतलेली हत्यारं ओळीने मांडायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल. नंदूबरोबर धंदा सुरू केल्यापासून त्यात साखळीही आली. पाटावर एकदा मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, ही वडिलांची सक्त ताकीद. गाडीची पूजा दसऱ्याची, त्यामुळे गाडीला ती बंदी नव्हती.

अकरा वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला दुपारी केतनचा फोन आला. एका बंगलेवाल्याची स्पीडबोट मढच्या उतारावरून, पाण्यात उतरणाऱ्या काँक्रीटच्या रस्त्यावरून, वर घ्यायची होती, तीही लगेच, मालक विमानाने परदेशी निघाला होता. दत्ताराम चारकोपहून जीप घेऊन निघाला, नंदू परस्पर मढला पोचला. ट्रॉली केतनच्या आवारात उभी असे. दोघांनी ती उतारावर नेली, बोट चढवली, पट्टे आवळले. नंदूने वाटी गोळ्यावर बसवली, कडी दाबली. मग पत्र्यावर एक थाप पडली.

"दादा, साखळी खंय आसा?" नंदूने विचारलं.

"पाटावर. पूजेतली कशी उचलू?"

"मगे ऱ्हवांदे. उद्या काढूया बोट."

"अरे, दोनशे पावलांचो रस्तो! हयच तर जावचा हा. चल, घाई आसा."

 नंदूने लाकडी ठोकळा उचलला. साखळी नव्हती म्हणूनच उचलला. ट्रॉली सुटलीच तर चाकाखाली घालता येईल एवढाच त्याचा हिशोब. आणि दोन थापा दिल्या. दुसरी थोडी उशिराने पडली. तो थोडासा उशीर दत्तारामला आजही नेमका आठवतो.

अर्ध्या चढावर जीपचं चाक फुटक्या काँक्रीटमध्ये गेलं, गाडीने गचका खाल्ला आणि एकदम हलकी झाली. ओझं मागून गेलं की गाडी अशी हलकी होते. दत्तारामने आरशात बघितलं तेव्हा ट्रॉली बोटीसकट खाली चालली होती आणि नंदू वाकून चाकाखाली ठोकळा सरकवत होता. ठोकळा बरोबर बसलाही. ट्रॉली ठोकळ्यावरून गेली आणि नंदूवरूनही.

केतन कारखान्यातून धावत आला. त्याने पहिलं काय बघितलं असेल तर ट्रॉलीचं तोंड. "साखळी? साखळी कुठाय?" तो ओरडला. आणि दत्ताराम म्हणाला, "नंदू लावायला विसरला."

हे वाक्य कुठून आलं, हे त्याने स्वतःला हजारदा विचारलं आहे. ते त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. पण त्यानंतर त्याने जे केलं ते मात्र ठरवून केलं, आणि इथे या माणसाचा राग येतो. लोकांनी नंदूला टेम्पोत घालून हॉस्पिटलला नेलं. दत्ताराम राधाला आणायला म्हणून जीप घेऊन चारकोपला आला. विमला आधीच राधाकडे धावली होती, घरात कुणी नव्हतं. त्याने पाटावरची साखळी उचलली, पेट्रोलच्या फडक्याने हळदकुंकू पुसलं आणि ती जीपच्या सीटखाली टाकली. नंतर पोलिसांनी जीपचा पंचनामा केला तेव्हा साखळी तिथेच सापडली. मदतनिसाचा हलगर्जीपणा, असं लिहिलं गेलं. नंदू हॉस्पिटलात पोचण्याआधीच गेला होता. त्याला विचारायला कुणी जाणार नव्हतं.

तेराव्याला नंदूचे भाऊ उघड बोलले, धांदरट तो लहानपणापासूनच होता, आणि चढावर ट्रॉलीमागे उभं राहतं का कुणी शहाणं माणूस. राधाने मान खाली घातली. सगळे गेल्यावर ती दत्तारामपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, तेंच्यापायी तुका पोलीस ठाण्याची पायरी चढूची लागली. माफ कर आमका." दत्ताराम उठून मोरीत गेला आणि नळ सोडून किती तरी वेळ तिथेच उभा राहिला. तेव्हा सांगता आलं असतं. त्या दिवशी सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं, आणि वर्षाने तर अशक्यच.

विमलाने कधी काही विचारलं नाही. पण अपघाताच्या रात्री घरी परतल्यावर तिने पाट बघितला होता. पकड आणि हातोड्याच्या मधे तांदळात साखळीच्या आकाराची रिकामी जागा होती. दुसऱ्या वर्षी पूजा मांडताना तिने पकड ठेवली, हातोडा ठेवला आणि मधे तेवढीच जागा मोकळी सोडली. तिसऱ्या वर्षी तसंच. दरसाल खंडेनवमीला दत्ताराम नमस्काराला वाकायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ती वीतभर मोकळी जागा यायची. साखळी त्यानंतर पाटावर आली नाही, जीपमध्येच राहिली. वाटीच्या कडीला नवी पिन आली, गोळा नवा आला, उतारावर माणूस मागे उभा दिसला तर दत्ताराम गाडी बंद करून खाली उतरायचा आणि त्याला हाताला धरून बाजूला करायचा. एवढा काळजी घेणारा माणूस अख्ख्या मढ-मार्व्यात नाही, असं केतन सांगायचा. थाप तरीही यायची.

नंदू गेला तेव्हा त्याची मुलगी अबोली तेरा वर्षांची होती. मामाच्या घराशी तिचं येणंजाणं तेवढंच राहिलं, उलट वाढलं. बी.कॉम. झाली, एका ऑफिसात सहा महिने खुर्ची उबवली, आणि एके दिवशी येऊन म्हणाली, "मामा, मला तुझं काम शिकव." दत्तारामने नाही नाही ते सांगून बघितलं. खारं पाणी, ऊन, लोकांची बोलणी. ती म्हणाली, "बाबांनी जिथे चूक केली ना, तिथेच मला बरोबर करून दाखवायचंय."  त्याने तिला शिकवलं. भार कुठे ठेवायचा, पट्टे कसे आवळायचे, ट्रॉली पाण्यात जायच्या आधी दिव्यांची वायर काढायची, पाण्यातून आली की बेअरिंगला ग्रीस द्यायचं. पोरगी झकास तयार झाली. पहिल्याच महिन्यात तिने लाल रंगाचा डबा आणून ट्रॉलीच्या तोंडावर ठळक अक्षरांत लिहिलं: साखळी लावली का?

"बाबांसाठी लिहिलंय," ती म्हणाली. "तेव्हा कुणी लिहून ठेवलं असतं तर विसरले नसते."

दोन वर्षं झाली, दत्ताराम ती अक्षरं रोज वाचतो.

यंदाच्या खंडेनवमीला सकाळी अबोली आली ती हातात पिशवी घेऊन. विमला पाट मांडत होती. अबोलीने पिशवीतून साखळी काढली. आदल्या संध्याकाळी जीपमधून गुपचूप नेऊन तिने ती रॉकेलने धुतली होती, ब्रशने घासली होती, कडी न् कडी लख्ख केली होती. तिने ती दुहेरी घडी घालून पकड आणि हातोड्याच्या मधे ठेवली. बरोबर मावली.

"मामी, दर वर्षी ही जागा रिकामी सोडतेस. म्हटलं, आज भरून टाकू."

विमलाचा कुंकवाचा हात तसाच राहिला. तिने नवऱ्याकडे बघितलं. दत्तारामने मान वळवली. मग विमलाने साखळीला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आणि त्या दिवशीची आरती इतक्या घाईत उरकली की अबोलीला टाळ्या वाजवायलाही सवड मिळाली नाही.

जेवणं होतायत तोच फोन वाजला. केतनच होता. भुवन कोळ्याची होडी खडकाला घासून तळाला भोक पडलं होतं. त्याने ती कशीबशी मढच्या उताराच्या तोंडाशी आणून चिखलात बसवली होती. साडेसहाची भरती. भांगाचं पाणी, त्याला फार जोर नाही, पण भोकातून आत शिरायला जोर कशाला लागतो? इंजिन बुडालं तर भुवनचा ऐन हंगाम बुडणार. "दत्ताभाऊ, सण आहे माहितीये, पण जीप घेऊन ये," केतन म्हणाला.

दत्ताराम काही बोलायच्या आत अबोली हात धुऊन तयार. "चल मामा. फक्त साखळीचं..." तिने पाटाकडे बघितलं. "ती तर आता दसऱ्यापर्यंत उचलायची नाही ना?"

दत्तारामने खुंटीवरची जीपची किल्ली काढली.

"असू दे. माझ्याकडे नायलॉनची दोरी आहे, ती घालू. आणि मी ठोकळा घेऊन मागनं चालते. दोनशे पावलं तर आहेत, यार. मी काय बाबांसारखी विसरभोळी नाहीये."

थाप आली. आजवर ती गाडीतच यायची, रस्त्यावरच यायची. पहिल्यांदा घरात आली, अगदी मागे, जणू लोखंडी कपाटावर पडली असावी.  मागे कुणी नाही हे त्याला माहीत होतं, तरी तो वळला. वळला आणि पाटासमोर येऊन उभा राहिला. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. वडिलांचा चेहरा समोर आला, नंदूचा आला. तो वाकला, साखळीवरचं फूल बाजूला केलं आणि साखळी उचलली. तांदळाचे दाणे खाली सांडले.

"मामा! पूजेतली आहे!"

"उचला तुम्ही," विमला म्हणाली.  "या खेपेला माझ्यासमोर उचललीत, हे बरं केलंत."

अबोलीने मामीकडे बघितलं, मग मामाकडे. "या खेपेला म्हणजे?"

विमला सांडलेले तांदूळ वेचायला खाली बसली. दत्ताराम चपला घालून बाहेर पडला. अबोलीही निघाली. मार्वे रोडला लागल्यावर तिने पुन्हा विचारलं. "मामी काय म्हणाली मामा? याआधी कधी उचलली होतीस?" दत्तारामने गिअर बदलला. साखळी तिच्या पायांपाशी होती आणि प्रत्येक गचक्याला वाजत होती. त्या अर्ध्या तासाच्या रस्त्यात त्याने चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा मिटलं. सांगितलं तर ही पोरगी जाणार, राधा जाणार, घरात भाचीचा पाय लागायचा नाही, भाऊबीजेला ताट मांडून कुणी बसायचं नाही. नाही सांगितलं तर नंदू विसरभोळाच राहणार, ट्रॉलीवरची लाल अक्षरं पुसट झाली की त्याची पोरगी पुन्हा नव्याने रंग देणार. अकरा वर्षं तो हाच काटा तोलत होता आणि दर वेळी नंदूचंच पारडं वर जात होतं, कारण नंदू बोलायला येत नव्हता.

मढला पाणी चढायला लागलं होतं. भुवन गुडघाभर चिखलात उभा होता, केतन ट्रॉली घेऊन तयार. जीप उलटी लावून ट्रॉली उतारावर नेली. होडी दोराने ट्रॉलीवर ओढून घेतली, भोकातून पाणी गळत होतं. अबोलीने भार बघितला, होडी वीतभर पुढे घ्यायला लावली, पट्टे आवळले, दोन्ही हातांनी होडी हलवून बघितली. केतन आणि भुवनला तिने वर, बाजूच्या कट्ट्यावर पाठवलं. वाटी बसली, कडी बसली, पिन गेली. चाकांखाली ठोकळे घातले. मग ती साखळी घेऊन वाकली. दत्ताराम शेजारी उभा होता. तिने एक पदर उजवीकडून डावीकडे नेला, दुसरा डावीकडून उजवीकडे, आकडे अडकवले आणि ओढून बघितले. तिची बोटं हळदीने पिवळी झाली होती.

"एवढंच," ती म्हणाली. "दोन आकडे. एवढंच करायचं होतं बाबांना. कधी कधी इतका राग येतो ना मला त्यांचा, मामा. एवढं कसं विसरतं माणूस? घरी बायको आहे, मुलगी आहे..."

"विसरला नव्हता," दत्ताराम म्हणाला.

ती अजून वाकलेलीच होती.

"अबोली, साखळी गाडीत नव्हती त्या दिवशी. पाटावर होती. पूजेतली. मी आणली नव्हती. त्याने थाप दिली, थांबवलं मला. विचारलं, साखळी कुठाय? म्हणाला, राहू दे, उद्या काढू. मीच नाही ऐकलं. मीच म्हटलं, दोनशे पावलं तर आहेत. साखळी नव्हती म्हणून तो ठोकळा घेऊन मागे चालला. आणि मग लोक विचारायला लागले तेव्हा मी म्हटलं, नंदू विसरला. घरी जाऊन साखळी उचलली, पुसली, सीटखाली टाकली. तुझ्या मामीने बघितलं होतं. तिने रिकामी जागा बघितली होती."

एका दमात बोलून झालं. अकरा वर्षांची गोष्ट बोलायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

अबोली सरळ झाली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ट्रॉलीच्या तोंडावरच्या लाल अक्षरांकडे बघत राहिली.  कट्ट्यावरून केतन ओरडला, "काय झालं गं? पाणी येतंय!" तिने हात वर करून त्याला थोपवलं. मग मामाला म्हणाली, "गाडीत बस."

दत्ताराम जाऊन बसला. दुसरं काय करणार? इंजिन सुरू केलं, चारही चाकं लावली, खालचा गिअर टाकला, ब्रेकवर पाय ठेवला.  मागून ठोकळे काढायचे आणि बाजूला होऊन दोन थापा द्यायच्या, असा त्यांचा शिरस्ता. तो वाट बघत राहिला. पाण्याचा आवाज येत होता, ट्रॉलीच्या चाकांना लाटा लागत होत्या.

पत्र्यावर एक थाप पडली.

तो सवयीने ओठातल्या ओठात "थांबलंय रे" म्हणाला. मग आरशात बघितलं. या वेळी तिथे हात होता. हळदीने माखलेली पाच बोटं, मागच्या पत्र्यावर टेकलेली. दुसरी थाप पडली नाही. अबोली तशीच पत्र्यावरून हात फिरवत पुढे त्याच्या खिडकीशी आली. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज पक्का होता.

"आईला फोन लाव."

"आत्ता? अगं, पाणी चढतंय..."

"चढू दे. होडी साखळीत आहे, चाकाला ठोकळा आहे, कुठे जात नाही ती. बाबांच्या वेळी तुला घाई होती ना? आज नाहीये. तू जे मला सांगितलंस ते आईला सांग. मग मी ठोकळे काढते."

"ती... ती काय म्हणेल गं?"

"ते मला नाही माहीत," अबोली म्हणाली. "मी काय म्हणणार तेही मला अजून माहीत नाही. तू लाव फोन."

दत्तारामने खिशातून मोबाइल काढला. बहिणीचं नाव सापडायला त्याला वेळ लागला, डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं. अबोलीने हात पुढे करून स्पीकर चालू केला आणि पुन्हा पत्र्यावर हात टेकून उभी राहिली. चार वेळा घंटी वाजली.

"हां दादा," पलीकडून राधा म्हणाली. मागे कुकरची शिटी ऐकू येत होती. "आज सणाच्या दिवशी पण कामाक गेलंस मरे? विमलावैनीचो फोन इल्लो, म्हणाली जेवणावरून उठून गेलंस. काय खाल्लंस की नाय?"

दत्तारामने ब्रेक तसाच दाबून धरला होता.

"राधा," तो म्हणाला, "नंदू साखळी विसरूक नव्हतो."